आर.ई.एम.: चौघांचा ३१ वर्षांचा कारभार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरोघरी केबल नवीन असताना एमटीव्हीवर पंख लावलेला म्हातारा आणि खिडकीपाशी हातपाय झटकत नाचणारा किडकिडीत गायक ज्यांनी पाहिला, त्यांना आर.ई.एम. हा अमेरिकी रॉक बँड ‘लूजिंग माय रिलिजन’ या एका गाण्यापुरता माहीत असतो. मागचं-पुढचं विचारणारेही अधूनमधून भेटतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकली. मी समीक्षक नाही, कॅसेटच्या जमान्यापासूनचा ऐकणारा आहे. आवड-नावड मध्ये मध्ये डोकावणारच.

हा बँड कुठला? त्यात कोण कोण होतं?

अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं गाव आहे. ग्रीसचं नव्हे. विद्यापीठामुळे वाढलेलं, विद्यार्थ्यांनी भरलेलं. बँड जमला तो तिथे, १९८० साली. मायकल स्टाइप गायक, पीटर बक गिटारवर, माइक मिल्स बेसवर आणि बिल बेरी ड्रम्सवर. बक तिथल्या ‘वक्स्ट्री’ नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि स्टाइप विद्यापीठात कला शिकत होता. स्टाइप दुकानात यायचा आणि बकने स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलेल्या रेकॉर्ड्सच नेमक्या मागायचा. अशा माणसाशी एक तर भांडण होतं नाही तर दोस्ती. मिल्स आणि बेरी हे मेकन गावचे, शाळेपासून एकत्र वाजवणारे.

नावाचा अर्थ काय?

शब्दकोश उघडला, बोट ठेवलं, तेच नाव. झोपेत डोळ्यांची जी जलद हालचाल होते तिचं हे लघुरूप, पण बँडने त्यात काही गूढ दडवलेलं नाही. त्याआधी ‘ट्विस्टेड काइट्स’ वगैरे नावं चर्चेत होती. टळलं ते बरं झालं.

पहिला कार्यक्रम चर्चमध्ये झाला म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं. ते चर्च तोवर चर्च उरलेलं नव्हतं. प्रार्थना बंद पडून तिथे भाडेकरू राहत होते, त्यात बक आणि स्टाइपही होते. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला चौघांनी तिथे वाजवलं. १९९० मध्ये इमारत पाडली, पण मनोरा राहिला. चाहते आता त्या एकट्या उभ्या मनोऱ्याचे फोटो काढतात.

यांच्या संगीताला ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणतात, म्हणजे नेमकं कशाला पर्याय?

रेडिओला. अमेरिकेत एफएमच्या ८८ ते ९२ या पट्ट्यातली जागा बिगर-व्यापारी केंद्रांसाठी राखलेली असते. कॉलेजांची रेडिओ केंद्रं तिथेच, डायलच्या डाव्या टोकाला. जाहिराती नाहीत, त्यामुळे वरून हुकूमही नाहीत. रात्री दोन वाजता एखादा विद्यार्थी त्याच्या मनात येईल ती रेकॉर्ड लावायचा. व्यापारी केंद्रं ज्यांना दारात उभं करत नव्हती, त्या बँडना ऐकणारे इथे मिळाले. आधी याला ‘कॉलेज रॉक’ म्हणत, मग ‘अल्टरनेटिव्ह’. या वाटेने निघून थेट मुख्य बाजारात पोचलेल्या पहिल्या मोठ्या बँडांत आर.ई.एम. होता. ‘निर्वाना’ वगैरे बँड त्याच मळलेल्या वाटेने आले, आणि ‘निर्वाना’चा गायक कर्ट कोबेन हे उघडपणे मान्य करायचा.

रेडिओइतकीच मदत झाली ती फिरण्याची. जुनाट व्हॅन घेऊन ते गावोगाव क्लबांत वाजवत हिंडले. १९८१ मध्ये ‘रेडिओ फ्री युरोप’ हे पहिलं गाणं ‘हिब-टोन’ या अगदी छोट्या कंपनीने काढलं, पुढच्या वर्षी आय.आर.एस. कंपनीने करार केला आणि ‘क्रॉनिक टाउन’ ही पाच गाण्यांची रेकॉर्ड आली. आय.आर.एस.चा मालक माइल्स कोपलंड हा ‘द पोलीस’ या गाजलेल्या बँडच्या ड्रमरचा भाऊ. त्यामुळे १९८३ मध्ये ‘द पोलीस’च्या आधी भल्या थोरल्या स्टेडियममध्ये वाजवायची संधीही आली. दुसऱ्या कुणी हे आयुष्यभर मिरवलं असतं. यांना मात्र दुसऱ्यासाठी आलेल्या हजारोंच्या गर्दीपुढे वाजवणं अजिबात रुचलं नाही.

‘मर्मर’मध्ये गायक काय म्हणतोय ते कळतच नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे का?

नाही हो. अमेरिकेतल्यांनाही कळत नव्हतं.

१९८३ चा हा पहिला अल्बम. स्टाइप शब्द पुटपुटायचा, चघळायचा, अर्धवट सोडायचा. काही गाणी तो स्टुडिओशेजारच्या जिन्यात अंधारात उभा राहून गायला. बकची गिटारही जोरकस सुरावटी ठोकण्याऐवजी तारा सुट्या सुट्या छेडत जाते. त्या किणकिणाटाखाली आवाज असा मुरलेला असतो की तो माणसाचा कमी आणि वाद्याचा जास्त वाटतो. आपल्याकडे भजनात मागे बसलेल्या माणसाला कधी कधी शब्द नीट पोचत नाहीत, तरी मान डोलतेच. तसंच काहीसं.

हा आवाज जवळजवळ हातचा गेला होता. कंपनीने आधी स्टीफन हेग हा निर्माता दिला. तो ठोक्याच्या यंत्राबरोबर तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घ्यायचा, वर सिंथेसायझर चढवायचा. चौघे वैतागले आणि आपल्या ओळखीच्या मिच ईस्टर व डॉन डिक्सन यांच्यासाठी अडून बसले. कंपनीने आधी चाचणीपुरतं एक गाणं करू दिलं, मग होकार दिला. शार्लट शहरात अल्बम झाला. मुखपृष्ठावर कुडझूची वेल दिसते. ही वेल तिकडे आपल्याकडच्या घाणेरीसारखी माजते, झाडं-खांब-घरं सगळं गिळते. त्या वर्षी मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चं राज्य होतं, पण ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’ निवडला. त्याच ऑक्टोबरात डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी एक गाणं वाजवलं, त्याला तोवर नावही ठेवलेलं नव्हतं. पुढे ते ‘सो. सेंट्रल रेन’ झालं.

त्यानंतरचे अल्बम?

दर वर्षी एक, शिस्तीत. १९८४ मध्ये ‘रेकनिंग’. १९८५ चा ‘फेबल्स’ लंडनमध्ये जो बॉइड या निर्मात्याबरोबर, थंडीपावसात, इतक्या उदास मनःस्थितीत झाला की बँड मोडायच्या बेतात होता. १९८६ च्या ‘लाइफ्स रिच पेजंट’मध्ये निर्माता डॉन गेहमन स्टाइपच्या मागे लागला की बाबा, शब्द ऐकू येऊ देत. तिथून आवाज वर आला. १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’पासून स्कॉट लिट हा निर्माता जोडला गेला आणि १९९६ पर्यंत टिकला. त्यातलं ‘द वन आय लव्ह’ अमेरिकेच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. लोक हे गाणं आपल्या प्रिय व्यक्तीला अर्पण करतात. एकदा शब्द नीट ऐका. ज्याला ते अर्पण केलंय त्याने सावध व्हावं असं ते गाणं आहे.

मोठ्या कंपनीत गेल्यावर हे विकले गेले, असं म्हणतात ना?

१९८८ मध्ये आय.आर.एस. सोडून ते वॉर्नर ब्रदर्सकडे गेले तेव्हा जुन्या चाहत्यांनी हे म्हटलंच. पण करारात पैशाइतकाच आग्रह दुसऱ्या गोष्टीचा होता. काय वाजवायचं, कसं काढायचं, कधी काढायचं, हे बँड ठरवणार. पहिला अल्बम ‘ग्रीन’ त्यांनी मुद्दाम ८ नोव्हेंबर १९८८ ला काढला, अमेरिकी अध्यक्षपदाच्या मतदानाच्या दिवशी. कंपनीच्या जाहिरात विभागाला असा मुहूर्त सुचणार नाही.

राजकारण त्यांच्याबरोबर असायचंच. ‘आउट ऑफ टाइम’च्या सीडीच्या लांबट खोक्यावर मागे कापून सिनेटरला पाठवायचा अर्ज छापला होता. वाहन परवाना काढतानाच मतदार नोंदणी व्हावी, या विधेयकासाठी. भरलेल्या अर्जांचे गठ्ठे वॉशिंग्टनला पोचले आणि १९९३ मध्ये कायदा झाला. तो काही सीडीच्या खोक्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, पण पुठ्ठ्याचा इतका चांगला उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

‘लूजिंग माय रिलिजन’ हे धर्म सोडण्याबद्दल आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर: नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत ‘लूजिंग माय रिलिजन’ हा बोलीतला वाक्प्रचार आहे. सहनशक्ती संपली, संयम सुटायची वेळ आली, असा त्याचा अर्थ. गाणं आहे एकतर्फी ओढीचं. आपण जरा जास्तच बोलून गेलो की काय, की पुरेसं बोललोच नाही, या विचाराने जीव खाणाऱ्या माणसाचं. दहावी-बारावीत ज्याने कुणाच्या तरी एका नजरेचे सतरा अर्थ लावलेत त्याला भाषांतराची गरज नाही.

सूर मँडोलिनचा आहे. बकने ते वाद्य नवीनच घेतलं होतं. टीव्हीसमोर बसून शिकत असताना टेप चालू ठेवायचा, त्या सरावातच ही सुरावट सापडली. वॉर्नरला हे गाणं पहिलं काढायची धास्ती होती. मँडोलिनचं, ठरलेल्या साच्याचं ध्रुवपद नसलेलं गाणं रेडिओ लावेल कोण? बँड अडला. १९९१ मध्ये ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि ‘आउट ऑफ टाइम’ अमेरिकेत व ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. या अल्बमसाठी आणि गाण्यासाठी मिळून तीन ग्रॅमी मिळाले.

त्याचा व्हिडिओ भारतीय माणसाने केला, हे खरं?

हो. तरसेम सिंग, जन्म जालंधरचा, शाळा सिमल्याची, पुढे कॅलिफोर्नियात कला शिकलेला. व्हिडिओत काराव्हाज्योच्या चित्रांसारखा उजेड-अंधार आहे, लेखक गार्सिया मार्केसच्या कथेतला पंखवाला म्हातारा आहे, आणि आपल्या कॅलेंडरांवर असतात तशा सजलेल्या देवदेवता आहेत. आपल्याकडच्या एका प्रकारच्या सिनेमातला अतिनाट्यमय, स्वप्नासारखा थाट तरसेमला हवा होता. म्हणूनच आपल्याला तो व्हिडिओ पहिल्या भेटीतच परका वाटला नसावा. त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत त्याला सहा पुरस्कार मिळाले. सोहळ्यात स्टाइप एकावर एक टी-शर्ट घालून आला होता, एकेक काढत जायचा, आणि प्रत्येकावर वेगळी मागणी: जंगलं वाचवा, बंदुकांवर नियंत्रण आणा, असं काहीबाही.

एवढं गाजल्यावर जगभर दौरा केला असेल?

केला नाही. ‘आउट ऑफ टाइम’साठी नाही आणि पुढच्या ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’साठीही नाही. १९८९ च्या दौऱ्याने ते थकले होते. त्याऐवजी त्यांनी वाद्यं आपसांत बदलून नवीन गाणी केली.

‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ची एवढी स्तुती का होते?

कारण तो तेवढा चांगला आहे. (हे मत आहे, पण ठाम आहे.) १९९२ साली सगळे आवाज वाढवत होते, तेव्हा तिशीतल्या या माणसांनी मृत्यू, आठवणी आणि निरोप यांवर संथ अल्बम केला. चार गाण्यांतल्या व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यांची रचना ‘लेड झेपलिन’ बँडच्या जॉन पॉल जोन्सची. नाव घेतलं ते अथेन्समधल्या ‘वीव्हर डीज’ या खानावळीच्या ब्रीदवाक्यावरून. गिऱ्हाइकाने काही मागितलं की मालक ‘ऑटोमॅटिक’ म्हणायचा, म्हणजे ‘झालंच समजा’.

‘एव्हरीबडी हर्ट्स’ यातलंच. गाभा बिल बेरीचा, आणि गंमत अशी की ड्रमरने आणलेल्या या गाण्यात बराच वेळ ठेका धरतं ते ड्रम मशीन. एरवी कोड्यात बोलणाऱ्या स्टाइपने इथे शब्द साधे ठेवले, जेणेकरून हताश झालेल्या पोरालाही ते थेट कळावेत. ब्रिटनमध्ये ‘समॅरिटन्स’ या संस्थेने आत्महत्या रोखण्याच्या प्रचारात ते वापरलं. ‘नाइटस्विमिंग’ मुख्यतः पियानोवर उभं आहे. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, रात्री ऐका.

‘मॉन्स्टर’ची सीडी सेकंडहँड दुकानात ढिगाने का असायची?

१९९४ मध्ये ‘ऑटोमॅटिक’सारखंच काही असेल म्हणून लाखोंनी घेतली, आणि निघाल्या कर्कश, गुरगुरणाऱ्या गिटारी. मग नारिंगी खोकी परत दुकानात. अमेरिकेत हा कायमचा विनोद झाला. अल्बम वाईट नाही. ‘लेट मी इन’ हे गाणं कोबेनच्या मृत्यूनंतर त्याच्यासाठी लिहिलेलं, ते तर फार वेगळ्या जातीचं.

१९९५ च्या दौऱ्यात नेमकं काय झालं?

१ मार्च १९९५, स्वित्झर्लंडमधलं लोझान. कार्यक्रम चालू असताना बेरीचं डोकं असह्य दुखू लागलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती. तिथेच शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. मे महिन्यात दौरा पुन्हा सुरू. जुलैत मिल्सवर पोटाची शस्त्रक्रिया, ऑगस्टमध्ये स्टाइपवर हर्नियाची. एकटा बक सुखरूप राहिला. याच दौऱ्यात कार्यक्रमाआधीच्या आवाजचाचणीत आणि मंचावर नवी गाणी ध्वनिमुद्रित होत गेली, त्यातून १९९६ चा ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय’ तयार झाला. गायिका पॅटी स्मिथ यात एका गाण्यात आहे. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत कमी लेखलेला अल्बम.

गाणी कोण लिहायचं? पैशांवरून भांडणं कशी झाली नाहीत?

भागीदारी म्हटली की हिशेबाची वही आली, आणि बहुतेक बँड तिथेच बुडतात. यांनी सुरुवातीलाच ठरवलं: गाणं कुणाच्याही डोक्यातून येवो, नाव चौघांचं, आडनावांच्या क्रमाने. बेरी, बक, मिल्स, स्टाइप. रॉयल्टी समसमान. म्हणजे ‘एव्हरीबडी हर्ट्स’चे पैसे एकट्या बेरीला नाहीत आणि ‘लूजिंग माय रिलिजन’चे बकला नाहीत. परिणाम असा की माझं गाणं घ्या म्हणून कुणी हटून बसत नाही. चांगलं असेल ते चौघांनाच हवं असतं.

दुसरा नियम नकाराचा. मोठा निर्णय एकमतानेच. तिघे हो म्हणाले आणि चौथा नाही म्हणाला, तर नाही. बहुमताचा प्रश्नच नाही. ऐकायला कटकटीचं वाटतं, पण यामुळे ‘तुम्ही तिघांनी ठरवलंत’ हे वाक्य कुणाला उच्चारता येत नाही. बर्टिस डाउन्स हे त्यांचे वकील सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहिले. आमच्या सोसायटीच्या कमिटीला मी हा नियम एकदा सुचवून पाहिला होता, त्याविषयी नंतर कधीतरी.

बिल बेरी का गेला?

१९९६ मध्ये वॉर्नरशी नवा करार झाला. वर्तमानपत्रांत ८ कोटी डॉलरचा आकडा आला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, बेरीने बँड सोडल्याचं जाहीर झालं. भांडण नाही, आजाराची थेट सक्तीही नाही. प्रवास, प्रसिद्धी, हॉटेलं, यातून मन उडालं होतं. त्याची अट एकच: मी गेल्यामुळे बँड बंद पडणार असेल तर जाणार नाही. तिघांनी चालू ठेवायचं कबूल केलं आणि तो शेतावर जाऊन गवत पिकवू लागला. स्टाइप तेव्हा म्हणाला होता की तीन पायांचा कुत्रा हाही कुत्राच, त्याला फक्त वेगळ्या तऱ्हेने पळायला शिकावं लागतं.

शिकणं सोपं गेलं नाही. १९९८ चा ‘अप’ करताना तिघे फुटायच्या बेतात होते. ड्रमर म्हणून पाहुणे येत गेले, त्यात बिल रीफ्लिन सर्वांत जास्त टिकला, पण बेरीच्या जागी पूर्ण सभासद असा कुणालाच केलं नाही.

मग १९९७ नंतरचं ऐकायचं की सोडायचं?

‘अप’ जरूर ऐका, अंधार पडल्यावर. ‘रिव्हील’ (२००१) उन्हाळी आणि गोड, काहींना जास्तच गोड. ‘अराउंड द सन’ (२००४) खुद्द बकलाही आवडत नाही. अमेरिकेत खप उतरला होता, पण ब्रिटनमध्ये हे दोन्ही अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. ‘पर्ल जॅम’ बँडच्या एडी व्हेडरने ओळख करून दिली आणि बेरीही वाजवायला आला. २००८ चा ‘अ‍ॅक्सेलरेट’ म्हणजे चौतीस मिनिटांत दार आपटून बाहेर पडणं. त्याचा दौरा नोव्हेंबर २००८ मध्ये मेक्सिको सिटीत संपला. तो त्यांचा शेवटचा दौरा ठरणार, हे समोरच्या गर्दीला ठाऊक नव्हतं.

बँड बंद का केला?

२०११ मध्ये ‘कोलॅप्स इनटू नाउ’ आला आणि वॉर्नरचा करार पुरा झाला. २१ सप्टेंबरला त्यांनी आपल्या संकेतस्थळावर चार ओळी लिहिल्या: आयुष्यभराचे मित्र म्हणून आम्ही इथेच थांबायचं ठरवलंय. निरोपाचा दौरा नाही, शेवटची तिकिटं चढ्या भावाने विकणं नाही, कोर्टकचेरी नाही. तिघांनाही हो म्हणायचं होतं, म्हणून झालं. नियम शेवटच्या दिवशीही तोच.

पुन्हा एकत्र येतील का?

जून २०२४ मध्ये गीतकारांच्या हॉल ऑफ फेमच्या समारंभात चौघे आले आणि त्यांनी ‘लूजिंग माय रिलिजन’ वाजवलं, ते एकच. त्याच सुमारास टीव्हीवर विचारलं की पुन्हा जमायला काय घडावं लागेल, तर मिल्स म्हणाला, ‘धूमकेतू.’ फेब्रुवारी २०२५ मध्ये अथेन्सच्या ‘फॉर्टी वॉट’ क्लबात अभिनेता मायकल शॅनन आणि जेसन नार्डुसी यांचा चमू ‘फेबल्स’मधली गाणी वाजवत होता, तेव्हा चौघे मंचावर चढले आणि ‘प्रिटी पर्सुएजन’ वाजवून उतरले. बाकी सगळे आपापल्या कामात आहेत. मिल्सने व्हायोलिनसाठी कॉन्चेर्टो लिहिला, स्टाइप फोटोंची पुस्तकं काढतो, बक अनेक बँडांत वाजवतो, बेरीही अथेन्समधल्या एका बँडमध्ये पुन्हा ड्रम्सवर बसला.

मी सुरुवात कुठून करू?

‘ऑटोमॅटिक’ने. मग ‘मर्मर’, मग ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स’. ‘शायनी हॅपी पीपल’ हे गाणं आवडलं तर कुणाला सांगू नका. ते खुद्द बँडलाही फारसं आवडत नाही.